म्हशीचा फोटू एक नंबर आला

...आणि म्हशीचा फोटू एक नंबर आला हो! तुमाला सांगतो, तिच्या शिंगावरची माशी पण दिसते. मंग माझ्या आयबापाचाच का नाय आला? पण इचारणार कोण? जावय ना तो!

जावय म्हंजे दीपेश, माझ्या भयनीचा, भूमिकाचा नवरा. वाशिंदला कंपनीत आहे. माणूस चांगला, पण नाद जुन्या कॅमेऱ्यांचा. लोकं नवीन मोबाईल घेतात, यानी आपल्या आज्याच्या वयाचा कॅमेरा आणला, चामड्याचा, घडीचा. बटण दाबलं का कागदच बाहेर, तिथल्या तिथं फोटू, आणि तो पण काळापांढरा. मी बोल्लो, दाजी, रंगाचा नाय मिळत? तर माझ्याकडं असं बघितलं, जसा काय मी चपला घालून देवळात शिरलो.

आता आमचा बाबा, धाऊ. आधार कार्डाचा सोडला तर जन्मात कोणाला फोटू काढू दिला नाय. मोबाईल समोर धरला का टोपी तोंडावर! का, तर एका लग्नात तोंडात लाडू कोंबलेला त्याचा फोटू कोणी तरी काढला आणि तो फिरत फिरत मुरबाडपर्यंत गेला. पण हा कॅमेरा त्याला पटला. एकच कागद, आपल्याच घरात ऱ्हाणार. बोल्ला, काढा, पण लहानीसंगती. लहानी म्हंजे आमची आय. पंचावन्न वर्षांचा संसार, दोघांचा मिळून एक फोटू नाय. आणि बाबाचा दम तवाच वाढलेला... मला तो फोटू पायजेच होता हो.

आय नवं लुगडं नेसाय आत गेली, आणि हा दाजी सुटला! कॅमेऱ्यात कागद सगळे मिळून आठ. पयला म्हशीचा. दुसरा परत म्हशीचा, पयल्यात तिनी कान हलवला म्हणून. मंग उखळ. मंग पोपडे गेलेली भिंत... अहो, ती भिंत झाकायलाच मी पेंढा रचलेला, यानी पेंढा हटवून काढली! मंग फुटका माठ, पावसात डोक्यावर घ्यायची तुटकी इरली, आणि सातवा माझ्या टाचेच्या भेगांचा. बाबा तिकडं ओट्यावर टोपी सरळ करून बसलेला. बोलू काय? जावय ना तो!

ऱ्हायला एक कागद. आय येऊन बाबाच्या बाजूला बसली, हातभर लांब. आणि बाबानी तिचा हात धरला. चारचौघांत! आमी सगळे खाली बघाय लागलो. खट्... कागद बाहेर, कोराच. दाजी बोल्ला, आई, पदराखाली उलटा धरा, पंधरा मिंटं उजेड लागाय नको. आणि गेला हात धुवाय, पानं वाढलेली.

आता तुमीच सांगा, घरात नवी वस्तू आली तर पयली कुठं नेतात? आमच्याकडं टीव्ही तुळशीपुढं, मिक्सर पण तुळशीपुढं. आय उठली, भर उन्हात तुळशीपुढं गेली, कागद पदरातून काढून सुलटा ठेवला. त्यावर एक बोट हळद, एक बोट कुंकू, नमस्कार. दोन मिंटं पण झाली नव्हती. आणि मी बघत होतो हो... मला पण वाटलं, बरोबर करते.

कागद पांढराफटक! दाजी बोल्ला, नवीन पाकिटात काढू, परदेशातनं मागवतो. पाकीट आलं माघात. बाबा गेला पौषात. आता कोणाला धरू? जावय ना तो... आणि दुसरीकडं आय.

दहाव्याला फोटू पायजे, तर शहापूरच्या स्टुडिओवाल्यानी आधार कार्डावरचाच मोठा करून दिला. त्यात बाबा असा दिसतो, जसा काय कोंबडी चोरताना धरलाय. आयनी तो भिंतीकडं तोंड करून ठेवला. बोल्ली, हा माझा माणूस नाय. आणि तो पांढरा कागद काढून खिळ्याला लावला. येणारा-जाणारा इचारतो, हे काय गो? तर ती बोट ठेवून सांगते,

"पिवळा तो. लाल मी."

आता मी पण घरातनं निघताना त्या पिवळ्या ठिपक्याला सांगून निघतो, बाबा, येतो.