दादाच्या बाइकचा जाड टायर
हे कुणाला सांगायचं नाही, असं दादाने मला बजावलंय. त्याने बाबांना न विचारता बाइकला मागे रुंद टायर बसवला होता. कळलं असतं तर किल्लीच जप्त! दसऱ्याला पूजेसाठी बाबा चाकाला हळदकुंकू लावायला वाकले.

"हा एवढा जाड कसा रे?"

"हवा जास्त झाली असेल, बाबा."

बाबांनी लगेच थोडी हवा सोडली. टायर आणखी पसरला. "अरे, अजून आहे!" म्हणत त्यांनी सगळीच सोडली. मी तोंडात ओढणी कोंबली.

मग दोघं बाइक ढकलत टायरवाल्याकडे निघाले, मागून मी. दादाला पाहताच तो लांबूनच ओरडला, "भैया, चौड़ा टायर कैसा चल रहा है?"

बाबांनी शांतपणे दादापुढे हात पसरला आणि म्हणाले, "एकदम छान चाललाय, आता फक्त ती—" थांब, आई हाक मारतेय. आले गं आई!