फोटोतल्या दोन महालक्ष्म्या

— नाही नाही, थांब ना पोरी, सही नको करू! पेन ठेव खाली. वकील चहा प्यायले गेला, जाता जाता म्हणून गेला का खुणा केल्या तिथं सह्या कर — अन् तू लागली करायले, जशी काही कुरिअरवाल्याची पावती हाय! वाचलं का? नाही वाचलं. मीही नव्हतं वाचलं, म्हणून त सांगून राहिली. आण इकडं... हे पाय, 'पोटगीचा व स्त्रीधनाचा हक्क राजीखुशीने सोडत आहे.' राजीखुशीनं! तोंड पाय आरशात, केवढी राजी न् केवढी खुशी! अन् वकील कोणाचा? त्याचाच ना, नवऱ्याचा? वा! म्हणजे दुधाले पहारा बोक्याचा. आयक, दोघांच्या संमतीचा घटस्फोट असला तरी तो एका सहीत होत नाही. बहुतेक सहा महिने थांबा लागते, मंग जजसायेब पुन्हा इचारतात — बाई, कोणाचा दबाव त नाही? तोवर संमती मागं घेता येते. अन् आपल्यासारख्या बायांले सरकारकडून फुकट वकील भेटते, खाली विधी सेवेची खोली हाय. तिथं जाय. आधी तिथं जाय, मंग सही.

मी? मी कायची वकीलीण! मोर्शीची साधी बाई मी, पार्वताबाई. सोमवार, एकादशी, हरताळका, एक उपास सोडला नाही कधी. पण दोन वर्षं झाले, पोथीपेक्षा फाईलच जास्त वाचली. माया पोरगा अंकुर, सून करिश्मा. इथं अमरावतीच्या याच कोर्टात पोरानं घटस्फोटाचा दावा टाकला — बायको बिनाकारण माहेरी निघून गेली म्हणे. माहेर तिचं अकोल्याचं. तिकडं तिनं फौजदारी केली, मारहाणीची न् छळाची. आरोपी नंबर एक अंकुर, आरोपी नंबर दोन मी. जलमात पहिल्यांदा कोणी नंबर दिला मले! अटकपूर्व जामीन झाला त मी पेढे वाटले ना गल्लीत. आमचे वकील शेषराव कपाळाले हात लावून म्हणतात, 'काकू, अटक टळली, केस नाही टळली, पेढे कायले वाटता?'

आता त्याच्यातली गंमत आयक. अकोल्यात मी आरोपी, तिथं गप्प बसायचा मले हक्क हाय. कायदाच म्हणते, स्वतःच्या विरोधात बोलायची जबरदस्ती नाही. अन् इथं मी पोराची साक्षीदार. इथं इचारलं का बोलाच लागते, तेही देवाची शपथ घेऊन. म्हणजे बाई एकच — बडनेरा टेसनाच्या पलीकडं अकोल्यात मुकी, अलीकडं इथं बोलकी! हासू नको, आज उलटतपासणी हाय माही. तिचे वकील इचारतील न् मले उत्तर देणं हाय.

इचारतील काय? फोटोबद्दल इचारतील, दुसरं काय! फोटो टाकला कोणं? मीनंच टाकला, मोठ्या हौसेनं, घरच्या ग्रुपवर. महालक्ष्म्या बसल्या होत्या आमच्याकडं. सोळा भाज्या, आंबील, दीडशे पान जेवून गेलं. आमच्या घरची रीत अशी का मुखवटे दोघींनी आणायचे — ज्येष्ठा सासूच्या हाती, कनिष्ठा सुनेच्या हाती, तुळशीपासून देवघरावरी, पावलापावलावर कुंकू. अन् त्या फोटोत दोन्ही मुखवटे माह्याच हातात. करिश्मा बाजूले उभी, डावा हात पदराखाली. त्यांच्या वकिलानं नेमकं तेच धरलं — त्या दिवशी सुनेनं मुखवटा काहून नाही उचलला?

त शेषरावांनी उत्तर काढून देलं. म्हणे, सांगा, सुनेची पाळी आली होती. झालं! आता या माणसाले कायदा समजते, पण घरातलं सोवळं कोणं शिकवावं? पाळी असती त ते देवघराच्या उंबऱ्याच्या आत आली असती का? फोटोत त ते महालक्ष्मीले खेटून उभी हाय, उजव्या हातानं फूल वाहून राहिली! मी तसं म्हटलं त म्हणतात, 'काकू, जजले एवढं समजत नाही.' जजले नसेल समजत. पण मुखवटे ज्यायचे होते, त्या महालक्ष्म्यायले?

— काय? मंग काहून नाही उचलला?

उचलता येत नव्हता म्हणून! मनगट सुजून हे एवढं झालं होतं. आदल्या दिवशी माहेरचा फोन घेतला अन् पुरणाची डाळ लागली बुडाले, त अंकुरनं... पोरगा वाईट नाही गं माया. एकुलता एक, नवसाचा. हळद न् रक्तचंदनाचा लेप मीनंच लावला तिले. कशी मायाळू सासू, होय ना? अन् मीनंच म्हटलं, 'पाहुणे येतील, हात पदराखाली ठेवजो.' ठेवला तिनं. दिवसभर ठेवला. आरतीच्या टाळ्यायले फक्त तिचाच हात नव्हता, अन् मी देवीले म्हणून राहिली होती का माय, घराले सुख दे. देवी म्हणत असेल, अवं, तुया बाजूलेच उभं हाय ना, झाकून काहून ठेवलं?

हे म्या कोणाले नाही सांगितलं. शेषरावायलेही नाही. तुले काहून सांगितलं काय माईत.

मंग प्रतिज्ञापत्रावर सही केलीच ना! 'माझ्या मुलाने सुनेवर कधीही हात उचलला नाही.' खाली माही सही, एकादशीच्या दिवशी, उपाशीपोटी. त्याच्यावर माया तर्क काय, आयक — म्हटलं, लिहिलं ते वकिलानं, पाप लागलं त त्यालेच लागन! दोन वर्षं त्याच्यावरच काढले. सोळा सोमवारही धरले, का पोरगा सुटू दे म्हणून. सोळा झाले, काल सतरावा. उद्यापन केलं, अन् पूजेत बसल्या बसल्या मले तिचं मनगट दिसलं.

आलं, आलं नाव. 'पार्वताबाई हाजिर हो' — कसा वरडते पाय, जशी मी पळूनच चालली!

हे धर जरासक. शेषरावांनी उत्तरं लिहून देले होते, पाठ करायले, सकाळपासून मुठीत हायत, घामानं वले झाले कागद. माया पोरगा येईल आता पाण्याची बाटली घेऊन, निळ्या शर्टातला. त्याले देजो, म्हणजो, मायले हे कागद लागले नाही.

अन् तू काय बसली मायाकडं पाहत? जाय ना खाली! दुपारच्यानं ते खोली बंद होते. सरक, जाऊ दे मले.