झुरिक ते इन्सब्रुक, पन्नास मिनिटं

ग्रीनकार्डसाठी बोटांचे ठसे द्यायला आलेली उल्का आपला नंबर पुकारायची वाट बघत बसली होती. लेकीला फोन लावणार, तोच शेजारचं जोडपं मराठीत बोलू लागलं.

"झुरिकहून इन्सब्रुक किती लांब आहे, गुरू?"

"सरळ मोजलं तर दोनशे किलोमीटर. फ्लाइटला पन्नास मिनिटं."

"आणि इथून, कोलंबसहून?"

"आत्ता निघालो तर उद्या दुपारी. पण प्रवासाची परमिशन येण्याआधी देशाबाहेर पाऊल टाकलं की अर्ज कॅन्सल. अकरा वर्षं थांबलोय यार."

"बाबा गेल्याचं आईंना सांगितलंस?"

"नाही."

"त्यांना इन्सब्रुकच्या हॉस्पिटलमध्ये सोडून आई टूरबरोबर झुरिकला गेल्याच कशा?"

"बाबांनीच पाठवलं. म्हणाले, इथवर आलीयेस तर बघून ये, मला परवा सोडताहेत."

"आणि आपण त्या दोघांना टूरला पाठवलं, आपल्याला इंडियाला जाता येत नाही त्याची भरपाई म्हणून."

"नेत्रा, प्लीज."

उल्काने हातातला फोन आवाज न करता पर्समध्ये ठेवला.

"मग कधी सांगणार?"

"टूरवाला तिला संध्याकाळच्या फ्लाइटने इन्सब्रुकला नेतोय. सकाळपासून उपाशी आहे ती. बाबांसाठी बिनसाखरेचं चॉकलेट शोधत फिरतेय. कळल्यावर घास उतरणार नाही तिला."

त्याचा फोन वाजला.

"हो, आई. झोपलेत बाबा. नको, धावपळ करू नकोस. पन्नास मिनिटांचं तर अंतर आहे. आधी पोटभर जेवून घे."