जर्मन गाडीचा ड्रायव्हर

नाय बन्सीभाऊ, काकासाहेबांना फोन नका लावू अजून. बॉनेट राहू द्या उघडं, पण आधी माझं ऐका. तुम्ही शोरूमचे मेकॅनिक, तुम्ही कागदावर लिहिलं की मालक मानतात — मग लिहा ना, जपानी गाडीत खोट हाय म्हणून! कामून नाय लिहायचं? चालू होत नाय, हे तर खरं हाय ना? आणि ती बघा, जर्मन. बावीस वर्षं काकासाहेबांच्या गाड्या चालवतो मी, त्यातली नऊ वर्षं हीच. दार लावा तिचं, आवाज ऐका — तिजोरी लावल्यासारखा! देवगाव रंगारी गावात कुणाच्या लग्नात ही शिरली की लोकं नवरदेव सोडून हिच्याकडं बघायची. मालक मागं, मी पुढं. लई इज्जत होती. जपानी बी चांगली हाय, मी कुठं नाय म्हणतो — दोन वर्षांत एक पंक्चर सोडलं तर काय बी नाय — पण तीच तर मुसीबत हाय, ती बिघडतच नाय! काकासाहेब स्वतःच चालवतात. मला म्हणतात, "नूर, तू आराम कर." आता पंचावन्नाव्या वर्षी ड्रायव्हरला आराम कर म्हणलं तर त्यानं काय समजायचं? जर्मन दर दोन महिन्याला रुसायची, तवा माझी गरज पडायची. मागच्या आठवड्यात तर तिला विकायची म्हणून गिऱ्हाईक बघून गेलं. ती गेली की मी बी गेलोच.

काय? फ्यूज? एक फ्यूज नाय डब्यात? पडला असंल कुठं... बरं, नाय पडत आपोआप. असं बघू नका माझ्याकडं. गाडी धुताना काढला — एका सकाळपुरताच, अल्लाकसम! म्हणलं, जपानीनं एकदा दगा दिला की मी जर्मन पोर्चमधी आणीन, दार उघडून धरीन, काकासाहेब मागं बसतील. एवढंच. मला काय म्हाईत, त्याच सकाळी मोठ्या बाईंच्या छातीत कळ येईल? द्वारकाबाई — काकासाहेबांच्या आई. काकासाहेब जपानीचं बटन दाबतात, दाबतात, ती काय चालू होईना. मी पळालो, जर्मनची चावी फिरवली — ती बी गप! बॅटरी उतरलेली. तिला मी हात लावला नव्हता, बन्सीभाऊ, ती खरोखरच बंद पडली! दारात दोन गाड्या, आणि मोठ्या बाई शेजारच्यांच्या दुधाच्या टेम्पोत गेल्या.

तवाच फ्यूज लावायचा होता म्हणता? खिशात होता की माझ्या. पण काकासाहेब बाजूला उभे — त्यांच्यादेखत कसा लावू? बाई कळवळत होत्या आणि मी खिशावर हात ठेवून उभा राहिलो. उभाच राहिलो, भाऊ. मी रोजे धरले की ज्या बाई गाडीत मागं बसून पाण्याचा घोट बी घेत नव्हत्या, त्यांच्यासमोर! नंतर लावला असता, पण गाडीची चावी काकासाहेब दवाखान्यात घेऊन गेले, ती आज तुमच्याच हातात दिसली. चार दिवस झाले, मला घास जाईना. जर्मन विका, मला काढा, पण हे बाईंना नका सांगू, पाया पडतो तुमच्या —

तुमचा फोन. काकासाहेब? उचला... काय म्हणतात? घरी सोडणार बाईंना? या अल्ला! आज? आणि? पुढं काय म्हणले, सांगा ना... नूरलाच पाठवा म्हणतात? तोच घ्यायला आला तर बसेन, असं बाई म्हणतात?

हा घ्या. लावा फ्यूज. चाव्या मला नका देऊ, बन्सीभाऊ. तुम्हीच घेऊन जा गाडी. सांगा त्यांना, नूर गावाकडं, पिशोरला गेला. निघा, बाई वाट बघत असतील. निघा म्हणलं ना!