भाकर फुगेपर्यंत

मंडळी, ऐका, आणि आधी एक सांगा. शिकवायला वेळ किती लागतो? कुणी म्हणेल वर्ष, कुणी म्हणेल जन्म जातो. बरं. आणि जे शिकवायचं आपण कधी ठरवलंच नव्हतं, ते शिकवायला किती लागतो? उत्तर मनात ठेवा. शेवटी मागून घेईन.

आता सगुणाला या सगळ्यात मिळणार होतं काय, ते मांडू. मिळणार होता एक उघडा दरवाजा. एवढाच नफा! तिचे सासरे गेनूतात्या. चाळीस वर्षं कालव्यावर पाटकरी — पाणी कुणाच्या शेताला, किती वेळ, ते वाटून देणारा माणूस. आता ऐंशी ओलांडली आणि आठवणी विस्कटल्या. सुनेला विचारायचे, “तू कुणाची गं?” पण कालव्याच्या पायऱ्यांची वाट पायांना पाठ. दार उघडं दिसलं की निघाले पाण्याची पाळी बघायला.

सगुणाचा नवरा दौलत म्हणाला, “वीस दिवसांनी पाणी सुटतंय. त्याच्या आत मी तात्यांच्या खोलीला बाहेरून कडी बसवतो.”

“अहो, माणूस आहे तो. गोठ्यातलं वासरू नव्हे.”

“मग तू बसतेस का राखण करत?”

“मी नाही. टिकल्या बसेल.”

टिकल्या म्हणजे घरचं कुत्रं. कपाळावर पांढरा ठिपका आणि कामाच्या नावानं तसाच पांढरा कागद. दौलत हसला. “त्याला शिकवायला तुला वेळ कुठाय?”

वेळ नव्हताच, मंडळी. पण सगुणा हुशार. तिनं वेळ काढला नाही, पडलेला उचलला! त्या घरात रीत होती, शेवटची भाकर कुत्र्याची. ही बाई ती भाकर आधी थापायची, तुकडे करून कनवटीला खोचायची. मग दुसरी भाकर तव्यावर पडली की धडा सुरू. “टिकल्या, आडवा!” कुत्रं उंबऱ्यात आडवं उभं राहिलं की तुकडा. भाकर फुगली, शाळा सुटली. नळाखाली हंडा भरेपर्यंत दुसरा धडा. चहाला उकळी येईपर्यंत तिसरा. तात्या उठून दाराशी आले की आडवं व्हायचं आणि भुंकायचं. भुंकलं की सगुणा पिठाच्या हातानं धावत यायची. “शहाणा माझा!” आणि तुकडा.

शेजारची बायजा भिंतीवरून म्हणाली, “सगुणे, फी किती गं शाळेची? आमच्या ह्यांना पण घालते.”

“ह्यांना भाकरीवर भागायचं नाही, बायजाक्का.”

हसा, हसा. पंधराव्या दिवशी बायजाही हसायची थांबली. तात्यांनी दाराकडे पाऊल टाकलं की टिकल्या पुढं उभा, आणि दोन भुंकण्यांत सगुणा हजर. तात्या त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, “हा नवा साहेब आलाय कालव्यावर. सोडत नाही.” कडी दुकानातून आणलेली, तशीच फळीवर पडून राहिली.

पण मंडळी, त्या घरात शिकवणारी एकटी सगुणा नव्हती. दौलत ओसरीवर बसून फोनवर बोलायचा. कांद्याचा भाव, मेहुण्याची सोयरीक. टिकल्या भुंकला की, “ए, गप!” आणि चप्पल भिरकावली. किती वेळ लागला? भाकर फुगायलाही लागत नाही एवढा. दिवसातून चार-पाच वेळा. त्याला विचारलं असतं, तू कुत्र्याला काही शिकवतोस का? तर शपथेवर सांगितलं असतं — मी? मला कुठाय वेळ!

सगुणाला ते ऐकू येत होतं. एकदा ती म्हणालीही, “अहो, त्याला गप नका करू. तेवढं एकच त्याचं काम आहे.”

“फोन चालू होता गं.”

ती परातीकडे वळली. पीठ वाळत होतं.

विसावा दिवस. सकाळी अकरा. रिक्षातला भोंगा ओरडत गेला — कालव्यात पाणी सोडलंय, काठावर जाऊ नका. सगळ्या गावानं ते ऐकलं आणि दूर झालं. एका माणसानं मात्र चाळीस वर्षं ते ऐकून जवळ जायची नोकरी केली होती. तात्या उठले.

सगुणा मागं गोठ्यात होती. ओसरीवर दौलत, कानाला फोन. टिकल्या उंबऱ्यात आडवा झाला. त्यानं दौलतकडे बघितलं. तोंड उघडलं. दौलतचा हात नुसता चपलेकडे गेला, आणि कुत्र्यानं तोंड मिटलं.

तात्या त्याला बाजूला सारून गेले. तोवर दौलतची पाठ वळली होती.

कालव्यावरून बायांची ओरड ऐकून सगुणा धावत पोचली तेव्हा तात्या कालव्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर उभे होते. पावलं ओली, बाकी कोरडे. पाणी मातकट, वेगानं चाललेलं. पलीकडच्या काठावर धुणं आवरणाऱ्या बायांनी सांगितलं — म्हातारा उतरत होता आणि कुत्रं दर पायरीला पुढं जाऊन आडवं उभं राहत होतं. पाणी चढलं तरी खालच्या पायरीवरून हललं नाही. “एकदा जरी भुंकलं असतं ना,” त्या म्हणाल्या, “आम्ही आधीच वर बघितलं असतं. उशिरा दिसलं, ओरडेपर्यंत पाण्यानं त्याला ओढून नेलं.”

एवढ्यात दौलत आला. तात्यांनी त्याचा दंड धरला. “अरे, त्या साहेबाला हाक मार. माझी हाक ऐकेना.”

दौलतनं हाक मारली. लांबवर, खाली वळणापर्यंत मारत गेला. ज्या गळ्यानं गप म्हटलं होतं, त्याच गळ्यानं.

त्या रात्री सगुणानं भाकरी केल्या. शेवटची केली नाही. दौलत ताटावरून उठला, फळीवरची कडी काढली आणि उकिरड्यावर फेकून आला. मग तात्यांच्या दारात, उंबऱ्यावर, आडवा बसला. तेव्हापासून तिथंच बसतो.

मंडळी, आता माझं उत्तर द्या. आज सकाळपासून तुम्ही कुणाकुणाला गप म्हणालात? लेकराला? सुनेला? मी म्हणालोय, दुपारी वीणा लावताना, नातीला. काहीतरी सांगायला आली होती. काय, ते मला ठाऊक नाही.

सगुणानं दिला भाकर फुगेपर्यंतचा वेळ. दौलतनं दिला चप्पल उचलेपर्यंतचा. शिकणारा दोघांचंही शिकला, आणि किंमत त्यानं एकट्यानं भरली.