पप्पा खलास

हॅलो?… हो, मी प्रमिलाच… कोण, मधू? अगं, तू रडतेयस का?… हळू बोल, काही कळत नाहीये… कोण गेलं?…

कोण गेलं म्हणालीस?

अगं, हे कुठे गेलेत? हे इथे सोफ्यावर बसून मऊ भात खातायत… तुझा भाऊ. गुणवंत. माझा नवरा… नाही गं, मला धक्का बसलेला नाही. शुद्धीवर आहे मी. मधू, ऐक ना…

कुठला फोटो?… तन्मयने? फॅमिली ग्रुपवर?… थांब, बघते… अरे देवा.

हो, हो, दिसला. बर्फावर आडवे, अंगावर पांढरं, नाकात कापूस. आणि खाली 'पप्पा खलास'… हो गं, तसंच वाटतं… पण ऐक ना, तो जॉर्जियातला फोटो आहे. सुट्टीला गेलो नव्हतो का बर्फ बघायला? परवाच परत आलो शारजाला. थंडीने घोळणा फुटला यांचा, म्हणून कापूस… चादर नाही ती, हॉटेलचा टॉवेल…

खलास म्हणजे तसं नाही गं. इथे सगळंच खलास असतं. दूध संपलं, खलास. होमवर्क झाला, खलास. पप्पांची राईड संपली म्हणून त्याने… तन्मय, इकडे ये. आत्याला सांग… "इट्स जस्ट अ कॅप्शन, मम्मा" म्हणे. अरे, तुझ्या कॅप्शनपायी तिकडे सांगलीत लोक जमलेत…

किती जमलेत गं?… अख्खी गल्ली? सतरंजी कोणी घातली?… आणि कोण?…

अण्णा? आपले अण्णा?

मधू, नीट सांग. तुझ्या लग्नात जिलबी का मोतीचूर यावरून ज्यांनी सख्ख्या भावाशी अबोला धरला, यांचं नाव निघालं की भरल्या पानावरून उठतात, ते अण्णा?… भिंतीला टेकून रडतायत?…

अहो, ऐकलंत का? अण्णा आलेत मधूकडे. तुमच्या मयताला… भात ठेवा आधी खाली.

मधू, हे जिवंत आहेत असं सांगितलंस का त्यांना?… अजून नाही ना? सांगू नकोस… म्हणजे सांग, पण बेताने. एकदा कळलं की उठून चालते होतील, मी ओळखते त्यांना. आणि इकडे हे रोज त्यांचा नंबर काढतात आणि फोन ठेवून देतात. एवढी वर्षं हेच चाललंय. आज बोलले नाहीत तर मग कधीच नाही, मधू.

यांना फोनवर कुठून देऊ? यांचा आवाज गेलाय. ओरडून ओरडून… डॉक्टर म्हणाले, आठवडाभर तोंड उघडायचं नाही… भाताला सोडून.

स्नोमोबाईलवर गं. बर्फातली मोटरसायकलच, चाकं नाहीत फक्त. तिथला माणूस जॉर्जियाचा, पण गिऱ्हाईक सगळं गल्फचं, म्हणून अरबी शिकलेला. यल्ला म्हटलं की निघायचं, खलास म्हटलं की थांबायचं, एवढंच ट्रेनिंग. यांनी मान डोलावली. पुढ्यात एक कुत्रं बसलेलं… अगं, ऐक ना. हँडलला अंगठ्याशी खटका होता, यांना वाटलं हॉर्न. कसला हॉर्न, त्यानेच गाडी पळते. तुझ्या भावाने स्कूटरवर दुसरं केलंय काय जन्मभर? दाबला, गाडी सुटली. कुत्रं हलेना म्हणून आणखी दाबला. वाजत नाही म्हणून आणखी… शेवटी हॉर्नच्या बदली स्वतःच ओरडायला लागले, टेकडी संपेपर्यंत… कुत्रं कधीच बाजूला गेलेलं. मागून तो माणूस खलास, खलास करतोय, आणि हे बर्फाच्या ढिगात. पाय तेवढे बाहेर… हसू नकोस गं. लोक बघतील.

व्हिडिओ कॉल? व्हॉट्सअ‍ॅपवर इथून लागत नाही, माहीत आहे ना… जे अ‍ॅप चालतं ते तू काढून टाकलंस, फोन भरला म्हणून… बरं, फोटो पाठवते. अहो, इकडे बघा. जरा जिवंत दिसा… गेला?… काय म्हणतात लोक?… जुना आहे?

कोण निघालं?… बघ, तुला हसताना पाहिलं ना त्यांनी. चप्पल घालतायत? मधू, दारात आडवी उभी राहा. फोन लाव त्यांच्या कानाला. नुसता धर…

अण्णा, नमस्कार करते. प्रमिला बोलतेय… हो, आहेत… नाही अण्णा, नाटक नाही, पोराची चूक झाली… अहो, आलात म्हणून तुमचं काय कमी झालं? भाऊच आहे तुमचा… ठेवू नका. हे इथे शेजारी उभे आहेत. बोलता येत नाही… रागाने नाही हो, घशाने. तुम्ही बोला ना. आज ते एका शब्दाने उलटून बोलणार नाहीत, असा दिवस पुन्हा यायचा नाही…

स्पीकरवर टाकलाय. बोला…

अण्णा?… आहात का?…

अहो, तुम्ही कशाला? डॉक्टरांनी सांगितलंय… अहो, घसा…

ऐकू आलं का, अण्णा? तुम्हालाच हाक मारली त्यांनी. खरखर आहे, पण हाकच होती ती…

काय म्हणालात?… गाढवा?…

अहो, शिवी दिली त्यांनी तुम्हाला, मान काय डोलावताय… भाताचा हात डोळ्यांना लावू नका… आणा इकडे फोन… अण्णा, हे फोन सोडत नाहीत. तुम्ही ठेवू नका, द्या अजून शिव्या. ऐकतायत ते.