नावं तीन, औषध एकच

(बीदरजवळच्या कोळारला राहणाऱ्या प्रयागबाईंनी सांगितलेलं)

माझं माहेर मंठाळ, बसवकल्याणच्या अंगाला. बाप दुसऱ्याच्या रानात सालगडी, माय खुरपायला जायची, आन आमी लेकरं मायच्या मागं मागं तुरीच्या वावरात. घरात मराठी, दुकानात कन्नड, आन शेजारच्या मुसलमानाच्या पोरींसंगं खेळता खेळता त्यांची हिंदी, तशा तिन्ही भाषा तोंडात बसल्या, कुनी शिकवल्या न्हाईत. शाळा झाली चौथीपोतर. घरात बुद्धाची तसबीर, तिच्यापुढं रोज सांजच्याला माय मेनबत्ती लावायची, आन कुनाला ताप आला तर त्याच तसबिरीखाली वाकळ टाकून निजवायची, कपाळावर ओलं फडकं ठिवायची. गोळी काय असती ते आमाला ठावंच नव्हतं बघा, ताई. गोळी मला लगीन होऊन हिकडं कोळारला आल्यावर भेटली.

हिकडं सगळे कारखाने आन गोदामं. आमचे मालक, भीमराव, गोदामात पोती उचलायचे, आजबी तितंच हायेत पर आता काम येगळं, ते सांगते पुढं. मी डाळीच्या गोदामात निवडायला. दिवसभर मांडी घालून बसायचं, खडा येगळा, किडकी डाळ येगळी. काय सांगू तुमाला, दुपार झाली की कंबर अशी धरती की उठताना हात टेकावा लागतोय. तितं समद्या बायांच्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट असतंय. तंबाखू मागावी तशी गोळी मागायची, ए अक्का, एक दे की, लई ठनकायलंय, आन ती बी देती, कामून न्हाई देनार, उद्या तिला लागली तर आपन देतोच की. किराना दुकानात बिडी-काडीपेटीच्या शेजारी गोळ्या. दुकानदार इचारतोय, डोस्कं का अंग, तेवढंच. कुनाची गोळी, कशाची गोळी, पोटात काय हाय का न्हाई, हे कोन इचारतंय?

इचारनारी एकच होती. आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक मेडिकल हाय, तितं शिवलीला म्हनून पोरगी बसायची. लिंगायताची, घरात कन्नड, पर आमच्यासंगं मराठी बोलायची, तिच्या मराठीला कन्नडचा गोडवा होता. कुनीबी दुखायची गोळी मागितली की ती आधी इचारायची, ऊटा आयता? जेवन झालं का? बाया हसायच्या. म्हनायच्या, ही काय आपली सासू हाय का जेवन इचारायला. मला बी तवा तसंच वाटायचं, खोटं कामून बोलू.

तर आमच्या मालकांची दाढ दुखाया लागली. गाल असा टम्म सुजलेला. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेनारा मानूस, पर दातवाल्या डॉक्टरचं नाव काढलं की उठून बाहीर जायचा. म्या म्हनलं, काढून टाका की ती दाढ, ते म्हनले, उतरंल आपोआप. उतरंना. भाकर चावता येईना म्हनून जेवन बंद, नुसता चहा, न्हाईतर ताकाचा घोट. आन गोळ्या. घरात तापीची गोळी होती, ती दोन-दोन घ्यायचे. गोदामातल्या जोडीदारानं अंगदुखीची दिली, म्हनला, ही भारी हाय. त्यात सर्दी झाली, नाक वाहाया लागलं, तर दुकानातून सर्दीची आनली. दुख वर आली की एक, पोतं उचलायच्या आधी एक, निजताना दोन. ते तरी काय करतील, दाढेचं दुखनं मानसाला येडं करतंय. आन त्यांना वाटायचं, तीन दुखन्याच्या तीन गोळ्या, एकीचा दुसरीशी काय संबंध?

चार-पाच दिसांनी उलट्या सुरू झाल्या. तोंडाला चव न्हाई, उजव्या कुशीत दुखायलंय म्हनले. माझ्या सासूबाई, त्यांना डोळ्यानं नीट दिसत न्हाई, त्या नुसत्या लेकाच्या अंगावरून हात फिरवत बसल्या. त्या दिवशी गोदामाला सुट्टी होती. मी दुपारी शिवलीलाकडं गेले, म्हनलं, उलटीची एक गोळी दे, आन दाढंसाठी चांगली भारी दे, ज्यानं एकदाचं थांबंल.

तिनं हातातलं काम ठिवलं. इचारलं, काका जेवायलेत का? म्हनलं, न्हाई, तोंडच उघडंना. मंग दुखायला काय घ्यायलेत? म्या सांगितलं, ही एक, ती एक, आन ती हिरव्या पाकिटातली. तिचा चेहरा बदलला, ताई. मला म्हनली,

“मावशी, मी गोळी देनार नाही. आधी घरी जा, जेवढी पाकिटं हायेत, रिकामी सुद्धा, समदी घेऊन या. लगेच.”

मला राग आला तिचा. म्हनलं, मानूस दुखन्यानं तळमळायलाय आन ही पाकिटं मागायली. पर गेले. त्यांच्या अंगरख्याच्या खिशातून, फळीवरून, उशाखालून, पाकिटं गोळा केली, पदरात बांधली, आन तिच्या पुढ्यात वतली. तिनं ती मांडली वळीनं. पाठीमागचं बारीक इंग्रजी अक्षर, त्याच्यावर बोट ठिवून म्हनली, मावशी, वाचू नका, नुसतं बघा, हे अक्षर आन हे अक्षर सारखं हाय का? आता मला इंग्रजी येत न्हाई, पर माझी नजर डाळ निवडायची. सारखं कुठलं, येगळं कुठलं, ते मला लगेच दिसतंय. तिन्ही पाकिटावर तोच शबुद होता. पुढनं नावं येगळी, रंग येगळे, आन मागं शबुद एकच.

ती म्हनली, पॅरासिटामॉल. तापीच्या गोळीत तेच, अंगदुखीच्यात तेच आन दुसरं एक, सर्दीच्यात बी तेच. काकांनी तीन औषधं घेतली न्हाईत, एकच औषध तिप्पट घेतलंय. थोडं घेतलं तर ते चांगलं औषध हाय, लई झालं की लिव्हर जाळतंय, त्यात पोट रिकामं. मंग तिनं समदी पाकिटं कागदी पिशवीत घातली, माझ्या हातात दिली, म्हनली, आत्ता बीदरच्या मोठ्या दवाखान्यात न्या, ही पिशवी डॉक्टरला दावा. आन एक ध्यानात ठिवा, घरी गेल्यावर काका म्हनतील बरं वाटायलंय, तरी न्या. लिव्हर बिघडताना मानसाला बरं वाटू शकतंय.

तिनं जसं सांगितलं तसंच झालं, काय सांगू तुमाला. मी घरी आले तर मालक बाजेवर उठून बसलेले. दाढेचं गळू फुटलं होतं, मिठाच्या पान्यानं गुळन्या केल्या होत्या, ठनका गेलेला. उलटी बी थांबलेली. मला म्हनले, चहा टाक, आन जरा टोस दे बुडवून खायला. म्या म्हनलं, उठा, दवाखान्यात जायचंय. ते हसले. म्हनले, दुखत होतं तवा न्हाई गेलो आन आता बरा झालो तर जाऊ? उद्या मला कामावर जायचंय. म्या पाकिटाचं सांगितलं, अक्षराचं सांगितलं. ते म्हनले, ती काल शिकून आलेली पोरगी, तिला काय कळतंय, हितं समदेच खातेत गोळ्या, कोन मेलंय.

मानूस डोळ्यापुढं बरा बसलाय, चहा मागायलाय, त्याला ओढून कसं न्यायचं? माझंच मन डळमळलं की, ती पोरगी उगंच घाबरली का काय. तवा कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या. जन्मभर त्या लेकाच्या बाजूनं बोललेल्या, माझ्या बाजूनं कदी न्हाई. त्या म्हनल्या,

“भीम्या, ती दुकानात बसती. गोळी इकली असती तर दुकानाचा फायदा होता. गिऱ्हाईक माघारी लावून तिनं तुला दवाखान्यात जा म्हनलं. उठ.”

मालक उठले. चप्पल घातली. मी ऑटो बोलावला.

दवाखान्यात डॉक्टर तरनाच होता. मालकांना इचारलं, किती गोळ्या घेतल्या? हे म्हनले, दोन-तीन. म्या पिशवी पुढं केली. त्यानं पाकिटं बघितली, गोळ्यांची रिकामी घरं बघितली, मालकांकडं बघितलं, आन लगेच भरती करून घेतलं. रगत तपासलं, त्यात लिव्हरचा आकडा लई वर गेलेला निघाला. मंग सलाईनमधून उतारा सुरू केला, त्या गोळीवर उताऱ्याचं औषध असतंय म्हने, पर ते येळेवर द्यावं लागतंय. डॉक्टर मला बाहीर घेऊन म्हनला, बरं केलं आज आनलं, कामावर गेले असते आन दुख आली म्हनून अजून गोळ्या खाल्ल्या असत्या, तर मग आमच्या हातात राहिलं नसतं. मी भिंतीला टेकून खाली बसले. तवा रडले न्हाई.

दुसऱ्या दिसापासून डोळे पिवळे पडले त्यांचे. सोयरे भेटायला आले, म्हनले, ही तर कावीळ हाय, अमुक गावात नाकात रस पिळतेत, तितं न्या. त्यांच्या मनात मायाच होती. म्या समद्यांना पानी दिलं, व्हय व्हय म्हनलं, आन नेलं न्हाई. रोज सकाळी डॉक्टर आकडा सांगायचा. आधी वर गेला, मंग थांबला, मंग उतराया लागला. ज्या दिवशी मालकांनी भाकरीचा कुस्करा मागून खाल्ला, त्या दिवशी मी दवाखान्याच्या नळावर तोंड धुवायला गेले आन तितं एकटीच खूप रडले.

घरी सोडताना डॉक्टरनं दोघांनाबी समोर बसवून सांगितलं. धडधाकट मोठ्या मानसाला बी पाचशे मिलीग्रॅमची गोळी एका येळेला एक, लईच झालं तर दोन, आन परत घ्यायच्या आधी सहा घंटे जाऊ द्यायचे. दिवस-रात्र मिळून आठाच्या वर कदीच न्हाई, साडेसहाशेची असली तर एका येळेला एकच, दिवसात चाराच्या वर न्हाई. जो जेवत न्हाई, जो दारू पितोय, ज्याचं वजन कमी हाय, ज्याचं लिव्हर दुखावलंय, त्यानं डॉक्टरला इचारल्याबिगर घ्यायचीच न्हाई. तीन दिसात दुखनं न्हाई गेलं तर गोळी वाढवायची न्हाई, दवाखाना गाठायचा. आन अंगदुखीच्या त्या दुसऱ्या गोळ्या असतेत, त्या रिकाम्या पोटी घेतल्या की पोटात जखम करतेत, मूत्रपिंडाला त्रास देतेत. तवा मला ती ऊटा आयता आठवली, आन गोदामात बायांकडून घेतलेली गोळी उपाशी पोटी खाल्ली की माझी छाती कामून जळायची ते बी कळलं.

मालक घरी आले तशी लेक सुजाता भेटायला आली, हुमनाबादला दिलीय तिला. कडेवर तिची पोरगी, सान्वी, नुकती चालाया लागलेली. दुसऱ्या दिशी सकाळी पोरीला सनकून ताप. शेजारची बाई पळत आली, लई जीव लावनारी, म्हनली, मोठ्याच्या गोळीचा चतकोर मोडा, गुळाच्या पान्यात द्या. सुजाताच्या पिशवीत एक जुनी बाटली होती थेंबाची, पोरगी तान्ही असतानाची, ती म्हनली, हीच चमचाभर देते. म्या म्हनलं, थांबा, कुनी काय देऊ नका, आन पोरगी उचलून शिवलीलाकडं.

तिनं आधी सुजाताला पोरीसकट काट्यावर उभं केलं, मंग एकटीला, आन पोरीचं वजन काढलं. म्हनली, लेकराचं औषध वयावर न्हाई, वजनावर असतंय. थेंबाच्या बाटलीत औषध लई दाट, पातळ औषधाच्या मापानं ते दिलं तर कितीतरी पट जातंय पोटात, आन ही बाटली उघडून बी लई दिवस झालेत. ती तिनं टाकून दिली. पातळ औषध दिलं, संगं माप असलेली पिचकारी, तिच्यावर पेनानं रेघ मारून दिली, हितपोतर, सहा घंट्यानं परत, ते बी ताप असला तरच. घरातला चमचा न्हाई वापरायचा, कुनाचा ल्हान कुनाचा मोठा. मोठ्यांची ॲस्पिरीन लेकराला कदी द्यायची न्हाई. पोरगी पानी पिईना, मलूल पडली, लघवी कमी झाली तर औषधाची वाट न बघता डॉक्टरकडं न्यायचं, आन तीन महिन्याच्या आतलं लेकरू असलं तर ताप दिसला की थेट दवाखाना. पोरीचा ताप दुसऱ्या दिशी उतरला. सासूबाईंनी पिचकारी हातात घेऊन चाचपून बघितली, म्हनल्या, आमच्या टायमाला असं असतं तर.

आता बरं हाय. मालकांची दाढ काढली, शेवटी मीच हात धरून नेलं. पोती उचलायचं बंद केलं, गोदामाच्या फाटकावर बसतेत. निवडायला बसल्यावर बाया अजून गोळी मागतेत, पर आता पाकीट उलटं करून मला दावतेत, प्रयाग, हा तोच शबुद हाय का गं? मी बघून सांगते, व्हय न्हाईतर न्हाई, जास्त मला कळत न्हाई, कळलं न्हाई तर मेडिकलात धाडते.

शिवलीलाचं लगीन झालं, ती करजगीला गेली, अफजलपूरच्या बाजूला, तितं सासरी तिनं सोताचं मेडिकल टाकलंय म्हनतेत. जायच्या आधी भेटायला आलती. सासूबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मालक तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले, एवढा मोठा मानूस. ती लाजली, म्हनली, काका, असं करू नका.

मी रोज सकाळी बुद्धापुढं मेनबत्ती लावते तवा माझ्या घरच्यांसंगं तिचंबी नाव घेते. त्या पोरीचं मंगल व्हावं. तिच्या दुकानात मानसं येवोत, आन ती गोळी देत न्हाई म्हनली तर तिच्यावर न रागावता तिचं ऐकनारी येवोत.